आडूळच्या पुढं हात करणारा

१

पैज अझहरनं लावली आन् मी येड्यासारखा हो म्हणलो.

छावणी भागात लिंबाच्या झाडाखाली रविवारी सकाळी जुन्या गाड्यावाल्यांचा कट्टा बसतो. गाड्या म्हाताऱ्या, मालक त्याहून म्हातारे. माझं तिथं खरं तर काय काम नव्हतं, पण आमच्या आबाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तवापासून त्यांची अँबॅसिडर मी चालवतो. आबा म्हंजे माझ्या बापाचा बाप, सांडू ड्रायव्हर. जन्मभर एका शेठची गाडी चालवली. शेठ वर गेले, पोरं परदेशी गेली, आन् गाडी आबाकडं राहिली. बजाजनगरात आमच्या दोन खोल्यांपुढं पत्र्याचं शेड हाय, त्यात ती राहते. आमच्या घरात सगळ्यात ऐसपैस तीच.

माझं म्हणाल तर दहावी माझ्या अंगावरून दोनदा गेली. आता लर्निंग लायसन हाय. सदाशिवकाकांच्या पद्मिनी गाडीच्या सायलेन्सरात बटाटा कोंबला होता तो मीच, हे कट्ट्यावर सगळ्यांना माहितेय.

तर कट्ट्यावर एक खेळ असतो. एक रस्ता घ्यायचा. आत्ताचा नाय, तवाचा. एकानं सुरू करायचा, दुसऱ्यानं पुढं न्यायचा. झाड सुटलं नाय पायजे, विहीर सुटली नाय पायजे. आन् ज्याच्या तोंडातून “आठवत नाय” निघालं, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. चहाचं काय नसतं, पण पुढं आठवडाभर त्या माणसाला जो तो विचारतो, काय साहेब, घरचा पत्ता तरी ध्यानात हाय ना? म्हणून “आठवत नाय” कुणीच म्हणत नाय. काय वाटेल ते होऊ द्या, म्हणत नाय.

अझहरनं हेच पकडलं. अझहर म्हंजे चांदपाशा चाचांचा नातू, चाचांचं गॅरेज हाय. तो माझ्या कानात म्हणला, “तू बटाटेच घालत बैस. दम है तो जो था इच नहीं, वो याद दिला के बता इन लोगां कू. नहीं जमा तो मूछ काढायची.”

माझी मिशी आत्ताच कुठं दिसायला लागली होती. तरी म्हणलं, “चल. जमलं तर तुझी.”

त्या दिवशी पाचोडचा रस्ता चालला होता. सदाशिवकाका रंगात आले होते. रिटायर बँकवाले, शर्टाची इस्त्री मोडत नाय कधी.

“झाल्टा फाटा सोडला की ऊन संपायचं,” काका म्हणाले. “दोन्ही अंगाला वड. वर एकमेकांच्या गळ्यात गळे. चैत्रात सुद्धा आमची ही पदर गुंडाळून बसायची.”

“और झाडां कू गेरू-चुन्याचे पट्टे,” चाचा म्हणले. “हेडलाइट पड्या की दोन्ही बाजूनं सगळे एकदम उभे. जैसे बारात कू लेने आये.”

हिमानी मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांच्याकडं वडिलांची डुक्कर फियाट हाय, तीच ती गुबगुबीत, नाकाडी. त्या म्हणाल्या, “मी मागच्या सीटवर आडवी पडून नुसत्या पारंब्या बघायचे. आडूळ येईपर्यंत झोप लागायची.”

खरं सांगतो, हे ऐकताना मला बी बरं वाटायचं. मी त्या रस्त्यानं गेलोय, तिथं सावली म्हणून बोटाएवढी नाय. तरी ते बोलायचे तेव्हा मानेवर गार लागायचं.

पण पैज ती पैज. आडूळ आलं तसा मी मधीच तोंड घातलं. लई साधं तोंड करून.

“आबा, तो वाकड्या वडाखाली हात करायचा तो माणूस, आडूळच्या पुढंच ना? पांढऱ्या टोपीचा? पाचोडला सोडा म्हणायचा. तुम्हीच सांगत होते.”

चहावाल्याचा स्टोव्ह फुरफुरत होता. काकांनी चाचांकडं पाहिलं, चाचांनी मॅडमकडं.

“हां, तो,” काका म्हणाले. “त्याला कोण विसरेल.”

“उसकू किसने नहीं बिठाया, बोलो,” चाचा म्हणले.

“आमच्या गाडीत तर नेहमी असायचा,” मॅडम म्हणाल्या.

अझहर चाचांच्या जीपमागं जाऊन हसून आला. डोळे पुसत आला. मी मिशीवरून बोट फिरवलं.

आबा मात्र उठले, चहावाल्याकडं गेले, सगळ्यांना चहा सांगून आले.

“सांडू, तू? तुला आठवत नाही?” काकांना खरं वाटेना.

“पाजतोय ना. घ्या.”

मला वाटलं, चला, एक तरी म्हातारा खरं बोलला.

२

मी दिलं होतं तेवढं नीट ध्यानात ठेवा. वाकडा वड, पांढरी टोपी, वर केलेला हात, पाचोड. बास. जास्त मला बी सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी काकांच्या गाडीची काच पुसत होतो. बटाट्याची शिक्षा. काका आपणहून म्हणाले, “तो बसायच्या आधी पायावर पाय आपटून धूळ झाडायचा बघ. टक, टक. आपली गाडी खराब होऊ नये म्हणून. तशी माणसं राहिली नाहीत रे विश्वजीत.”

मी खाली वाकून हसलो.

त्याच आठवड्यात आमचा कार्बोरेटर घेऊन चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचा त्यात तोंड खुपसून होते. वर न बघता म्हणले, “बडा नेक आदमी था वो. पैर झटक के बैठता. पीछे, डावी खिडकी, हमेशा.” आन् पान्यानं मडगार्डवर वाजवून दाखवलं. टक, टक.

तोच ताल. काकांनी बोटानं वाजवला होता, तोच.

म्हणलं, बोलले असतील एकमेकांत. म्हाताऱ्यांना काम काय दुसरं.

मग मॅडमची बॅटरी बसली, आन् मी डुक्कर ढकलायला गेलो. गाडी चालू झाली, त्यांनी मला गॅरेजपर्यंत मागं बसवलं. मी डाव्या खिडकीला बसलो तर म्हणाल्या, “इकडे सरक ना जरा.” मी सरकलो. त्या आरशात बघत म्हणाल्या, “तो तिथे बसायचा. मधे एक पंजा टेकवून. मी माझी भातुकली या दाराशी ओढून घ्यायचे. तो नसला तरी तिथलं रेक्झीन बराच वेळ दबलेलं राहायचं. पंजाएवढं.”

“उतरायचा कुठं?” मी विचारलं. का विचारलं, मला बी कळलं नाय.

त्यांनी गिअर टाकायला हात नेला होता, तो तिथंच राहिला. “उतरताना नाही बघितलं मी. पाचोड यायचं आणि तो नसायचा.”

घरी येऊन मी आबाचा फोन उघडला. कट्ट्याचा ग्रुप सगळा वर सरकवून पाहिला. टायर, सुप्रभात, गुडघ्याचं तेल, कुणाच्या नातवाचं बारसं. त्या माणसाबद्दल एक शब्द नाय. घरात एखाद्याचं नाव काढायचं नसतं ना, तसं.

अझहरला सांगितलं. त्यानं पैज मानून मिशी काढली होती, वरचा ओठ कोंबडीच्या पिलासारखा दिसत होता. म्हणला, “व्हिडिओ बघितलाय मी. दिमाग खड्डे भरता रहता. म्हातारपणी जास्तीच. उसमें डरने का क्या है?”

“मग तिघांचा खड्डा एकाच मापाचा कसा?”

त्यानं ओठावर बोट फिरवलं.

३

आबाचं जेवण कमी झालं. आधी भाकरी अर्धी राहायची, मग पुरी राहायला लागली. माझा बाप वाळूजच्या कंपनीत, आई बी कामाला. दुपारी घरात आबा आन् मी. आन् दुपारी आबा घरात नसायचेच. शेडात, गाडीत, स्टेअरिंगवर. दारं लावून, काचा वर करून.

पत्रा तापला की कडकड वाजतो. त्या आवाजात मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

“आबा, भाजून निघाल आत.”

“बस.”

बाजूला बसलो. गाडीत तोच वास, जुनं रेक्झीन, पेट्रोल, आन् शेठची सुपारी. एवढ्या वर्षांनी बी सुपारी. आबा आरसा सारखा करत होते. थोडा खाली, थोडा वर, परत खाली.

“त्या दिवशी मी चहा का पाजला?”

“आठवत नव्हतं म्हणून.”

“आठवत होतं म्हणून,” आबा म्हणले. “सगळ्यांनी त्याला बसवलं. काकांनी, चांदपाशानं, त्या हिमानी पोरीच्या बापानं. मी नाय बसवलं.”

तांब्या माझ्या मांडीवर होता. पाणी हलत होतं.

“शेठ मागं होते. म्हणले, सांडू, थांबू नको, उशीर झालाय. त्यानं हात वर केलेला. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आन् गाडी पुढं काढली. मग तो पळाला. टोपी हातात घेऊन गाडीमागं. या आरशात दिसत होता. वडाच्या सावलीत आला की दिसायचा, उन्हाचा तुकडा आला की नाय दिसायचा. परत सावली आली की दिसायचा.” आबांनी आरशावरून बोट काढलं. “दर सावलीला जवळ.”

तो पळाला हे मी म्हणलं नव्हतं. कुणीच म्हणलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला पायजे होतं. आबा, तसा कुणी नव्हताच, मी हसायला म्हणून सोडलं, एवढं एक वाक्य. तोंड उघडलं बी होतं. पण मग काकांना, मॅडमला, सगळ्यांना कळणार की सांडूच्या नातवानं आपल्याला येडं बनवलं, आन् आबाचा कट्टा संपणार. कट्टा सोडला तर आबाला काय होतं? मी असा हिशोब घातला आन् तोंड मिटलं. खोटं सांगताना माझी जीभ कधी अडली नाय. खऱ्याला तिला वंगण लागतं बहुतेक.

मग आबा बाथरूमपाशी चक्कर येऊन पडले. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणले, खाल्लं नाय तर म्हातारं टिकणार नाय, सांगून ठेवतो. आबा डॉक्टरांना म्हणले, “मला पाचोडच्या रस्त्यानं न्या. एकाला घ्यायचं राहिलंय.”

आईनं डोळ्याला पदर लावला. बापानं माझ्याकडं पाहिलं. मी सलाईनच्या थेंबाकडं पाहिलं.

४

कट्ट्यावर ठरलं, सांडूसाठी सगळ्यांनी पाचोडला जायचं. जुन्या गाड्या, जुना रस्ता, भजे खाऊन परत.

पुढं काकांची पद्मिनी, मग डुक्कर, मग चाचांची जीप, शेवटी आम्ही. मी स्टेअरिंगवर, बाजूला आबा, माझ्या मागं अझहर. चारपदरी रस्ता नुसता पांढरा पडला होता. मधल्या पट्ट्यात कण्हेर, बाकी झाड नाय. पण आबा डोळे मिटून सांगत होते. इथं विहीर, रेडिएटर तापला की इथं पाणी, टायरच्या ट्यूबची बादली होती तिला. इथं शेठ रस प्यायचे, आलं जास्त घालून. इथून पुढं वड असे दाट, की माकड जमिनीला पाय न लावता आडूळला जाईल. आवाज बारीक होता, पण चेहरा मऊ झाला होता. त्या दिवसांत पहिल्यांदा.

अझहर मागून म्हणला, “आबा, तुम्ही सांगता तो रस्ता इससे अच्छा है. उसपे चलो ना.”

आबा हसले. मला बी बरं वाटलं. म्हणलं, आता नीट होतंय सगळं.

आडूळ गेलं. आबांनी डोळे उघडले.

पुढं पद्मिनीचा वेग कमी झाला. ती डावीकडं कडेला गेली आन् थांबली. काकांनी पुढूनच मागं हात लांबवून डावं दार उघडलं. थोडं थांबले. लावलं. निघाले. डुक्कर त्याच जागेवर थांबली. मॅडमनी मागचं दार उघडलं, थांबल्या, लावलं, निघाल्या. चाचांच्या जीपला दारं नायत. ते नुसते थांबले, मागच्या सीटवरचा पाण्याचा कॅन उचलून पुढं पायाशी ठेवला, वाट बघितली, गेले.

तिथं वड नव्हता. खूण म्हणून दगड बी नव्हता. ऊन होतं नुसतं.

“खेळ करतायत,” अझहर म्हणला.

“व्हय,” मी म्हणलो.

“नाटक है सब.”

“व्हय रे.”

“थांब,” आबा म्हणले.

मी थांबलो नसतो तरी चाललं असतं. पण ब्रेकवर पाय गेला. आबा उतरले. एरवी आबा भिंतीला हात लावत चालतात, तवा सरळ चालत गेले. मागचं डावं दार उघडलं आन् शेठसाठी उभे राहायचे तसे उभे राहिले, एक हात दाराच्या वरच्या कडेवर, डोकं लागू नये म्हणून.

“बसा,” आबा म्हणले. “लई उशीर झाला.”

बाजूनं एक ट्रक गेला. गाडी वाऱ्यानं हलली. ट्रकचा आवाज लांब जाईपर्यंत काय ऐकू आलं नाय. मग आलं. दाराच्या पत्र्यावर, खालच्या अंगाला.

टक, टक.

गाडी डावीकडं खाली बसली. थोडीच. खालचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, माणूस बसल्यावर कुरकुरतात तेवढेच. अझहर सरकत सरकत उजव्या दाराला चिकटला, त्याचा गुडघा माझ्या सीटला मागून रुतला. आबांनी दार लावलं. हळू, शेठच्या गाडीचं लावायचे तसं.

मागून ट्रक येतोय का बघायला मी आरशात पाहिलं. शपथ, तेवढ्यासाठीच. अझहरचा अर्धा चेहरा होता. त्याच्या बाजूला रेक्झीन हळूहळू दबत होतं. पंजा टेकल्यासारखं. बोटं फाकलेली.

मी आरसा वर ढकलला. छत दिसायला लागलं.

पाचोडला आबांनी भजे खाल्ले, वरून भाकरी-पिठलं मागवलं. ठेच्यासाठी हॉटेलवाल्याशी भांडले. उजळला होता माणूस. सगळे हसत होते. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, “काका, मधी का थांबलात तुम्ही?”

काकांनी भज्याचं तेल रुमालाला पुसलं.

“आठवत नाही,” काका म्हणाले.

चाचांनी, मॅडमनी बी ऐकलं. ‘काका, आता चहा पाजा’ असं कुणी म्हणलं नाय.

५

अझहर पाचोडहून जीपमधी बसून गेला. माझा फोन उचलत नाय.

गाडी शेडात डाव्या अंगाला झुकलेली. मी हवा बघितली, बरोबर होती. चाचांना बोलावलं. त्यांनी खाली झोपून बघितलं, पाटे साबूत म्हणले, आन् मागच्या सीटकडं न बघता हात पुसत निघून गेले.

आबा आता पोटभर जेवत होते. बाप म्हणला, बघ, एक चक्कर मारली तर म्हातारा सुधारला. पण दुपारी आबा गाडीतच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचो. पत्रा कडकडायचा आन् मधी मधी आबाचा आवाज, ड्रायव्हरचा, अदबीचा.

“कुठं सोडू? गावाचं नाव तरी सांगा. बरं, गाव राहू द्या. घरी कोण असतं?”

मग थांबायचे. उत्तर ऐकायला थांबतात तेवढं.

एका दुपारी मला म्हणले, “तो पाचोडला उतरला नाय. त्याला उतरायचं कुठं तेच ठाऊक नाय. माणसाला गाव नाय, घर नाय, असं कसं रे?”

कसं ते मला माहीत होतं. मी त्याला टोपी दिली, हात दिला, उन्हातला रस्ता दिला. गाव दिलं नव्हतं. पाचोड तर जिभेवर आलं म्हणून बोललो होतो.

काल दुपारी खोलीतून आलो तर आबा पांढरा ड्रेस घालून तयार. तोच, ड्रायव्हरकीचा, बटणं पिवळी पडलेला. पाण्याचा कॅन डिकीत ठेवला. खुंटीवरच्या माझ्या पँटच्या खिशातली चावी त्यांच्या हातात होती.

“कुठं निघाले?”

“त्याला पोचवायला. हिंडू. कुठंतरी ओळखीचं दिसेल त्याला.”

आबाला हाताची बोटं नीट दिसत नायत. शेडाबाहेर पडलं की कंपन्यांचे कंटेनर. बाप ड्युटीवर, आई ड्युटीवर. मी बॉनेटपुढं जाऊन उभा राहिलो. आबांनी आत बसून गाडी चालू केली. पहिल्या चावीत झाली, एरवी कधी होत नाय.

“बाजूला हो विश्वजीत. मागं शीट बसलंय, पाशिंजर. ड्रायव्हरला शीट ताटकळत ठेवता येत नाय.”

गाडी थोडी पुढं आली. बंपर माझ्या गुडघ्याला लागला. गरम होता.

“आबा, तसा माणूस नव्हताच,” मी म्हणलो. “मी बनवला. अझहरशी पैज लागली होती. वड बी नव्हता, टोपी बी नव्हती. तुम्ही कुणाला सोडून नाय आले. तुमची काय चूक नाय.”

इंजिन चालू होतं. काचेमागं आबाचा चेहरा धुरकट दिसत होता. मला वाटलं आता उतरून एक ठेवून देतील. द्यावी असं वाटत होतं. त्यांनी चावी फिरवली. गाडी बंद झाली तसा पत्र्याचा आवाज परत आला.

“मला काय सांगतो,” आबा म्हणले. “ज्याला उन्हात उभं केलं त्याला सांग.”

ते उतरले. माझ्यासाठी मागचं दार उघडलं. उजव्या बाजूचं. एक हात वरच्या कडेवर.

मी बसलो. माझ्या अंगाला सीट तव्यासारखी तापली होती. डावीकडून गार येत होतं, झाडाखालून येतं तसं. मी मान वर केली नाय. माझ्या चपलेकडं बघत राहिलो. आबांनी दार लावलं आन् भिंतीला हात लावत लावत घरात गेले.

काय म्हणून हाक मारावी तेच कळेना. मी नाव बी ठेवलं नव्हतं.

“मामा,” मी म्हणलो. आवाज फाटला, परत म्हणलो. “मामा, मी विश्वजीत. सांडू ड्रायव्हरचा नातू. आबाची काय चूक नाय, त्यांना हिंडवू नका. तुम्हाला गाव नाय ते माझ्यामुळं. घरी कुणी वाट बघत नाय ते बी माझ्यामुळंच. मला फक्त हसायचं होतं, म्हणून तुम्हाला तिथं उभं केलं. आन् मग मी चहा पीत बसलो.”